बोटीचं टपाल

कुवेतच्या युद्धाच्या दिवसांत, अरबी मुलुखातल्या जुबैलच्या इस्पितळात पाय भाजून पडलेला तो गोरा कॅप्टन, सिस्टर अहिल्या पुण्याची आहे हे कळताच खुलला. त्याचे पणजोबा खडकीच्या छावणीत साहेब होते आणि तिथेच पटकीनं गेले होते.

"पणजीला विलायतेत तार आधी पोचली," तो सांगू लागला. "पत्रं मात्र बोटीनं यायची. त्यामुळे मेलेल्या नवऱ्याची खुशाली पुढे कितीतरी दिवस येत राहिली. आणि पणजी प्रत्येक पत्राला उत्तर लिहायची."

"मेलेल्या माणसाला? कशाला हो?"

"कारण नंतरनंतरच्या पत्रांत तो तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागला होता."

अहिल्या हसली. "काहीतरीच तुमचं! टपालाचा घोळ असेल."

पाय बरा झाल्यावर कॅप्टन कुवेतच्या सीमेवर परतला आणि तिथून तिला दोन-दोन ओळींची खुशाली धाडू लागला. युद्ध संपता संपता बातमी आली, की त्याची गाडी सुरुंगावर गेली आणि तो जागीच ठार झाला. त्या दिवशी अहिल्याला राहवेना. तिनं कागदावर लिहिलं, 'कॅप्टन, फार दुखलं का हो?' पण पाठवणार कुठे? त्या मुलुखात देव उघड ठेवायला बंदी, म्हणून कपाटात लपवलेल्या गणपतीच्या तसबिरीमागे तिनं तो कागद सरकवून दिला.

आठवड्यानं त्याचं पत्र आलं. लष्कराचं टपाल रेंगाळत येतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ते न घाबरता फोडलं.

'मुळीच दुखलं नाही, सिस्टर. लिहीत राहा.'