दुबई आणि मंडणगड

यशोदाचं ऑपरेशन उद्या सकाळी, इथेच रत्नागिरीत. त्याआधी आमच्या दोन्ही मुलींचं तोंड बघायचं, एवढाच तिचा हट्ट. म्हणून मी कालच दोघींना फोन केले. थोरली शर्मिला दुबईत असते. धाकटी दीपाली आपल्याच जिल्ह्यात, मंडणगडला दिलेली.

"दीपाली आधी पोचेल बघ," मी यशोदाला म्हटलं. "चार-पाच तासांचा तर रस्ता."

आज सकाळी शर्मिला आली. विमानाने तीन तासांत मुंबईला उतरली आणि पुढे रात्रभर हायवेच्या खड्ड्यांत हिंदकळली. "आये, दुबई जवळ गो, आपली रत्नागिरीच लांब!" असं म्हणून तिने आईला हसवलं.

दुपार झाली तरी यशोदाची नजर दारावरच होती. "खेडजवळ एसटी बंद पडली असेल तिची," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

शेवटी शर्मिलाने बहिणीला फोन लावला. "कुठवर आलीस गो?"

 

"घरीच आहे, ताई. पिशवी कालच भरून ठेवलीय. सासूबाई अजून हो म्हणाल्या नाहीत."