मागे उभा राहणारा

नव्या गड्याचा बांधा दृष्ट लागण्यासारखा होता, म्हणून जिमचा ट्रेनर खुशीत त्याचा व्यायामाचा तक्ता लिहायला बसला. पण हा पठ्ठ्या एकेक करून नुसती मशीन आणि केबलच सांगत सुटला.

"अरे, छातीसाठी बेंच प्रेस नको?"

"नको सर. मशीनचं वजन अंगावर पडत नाही."

"एवढा धिप्पाड गडी आणि असा भागूबाई! बार धरायला मी उभा राहतो ना मागे." बोलता बोलता ट्रेनरची नजर समोरच्या आरशात गेली आणि त्याने हळूच दंड फुगवून पाहिला.

"माझ्या दादाच्या मागे मी उभा होतो, सर. बार त्याच्या गळ्यावर पडला, तेव्हा मीही असाच आरशात बघत होतो."