अर्ध्याच्या जरा वर

लेकीने गाडीचा मीटर डॅशबोर्डमधून अलगद ओढून बाहेर काढला, तसे आप्पा एक पाऊल मागे सरले. आता दिवे लागणार. आणि एकदा दिवे लागले, की बोलायला काही उरणार नाही.

गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. मडगार्ड चांगलाच चेपला. "मीटरचे दिवेच लागत नाहीत," असं त्यांनी घरात सांगून टाकलं. "काटा बघायला मान खाली घातली आणि घोटाळा झाला." दिवे लागत नव्हते हे खरंच होतं. पण लागत असते तरी फरक पडला नसता. हल्ली ते ज्या गोष्टीकडे सरळ बघत, नेमकी तीच नाहीशी व्हायची. आजूबाजूचं दिसायचं, मधोमध मात्र मळकट डाग. बायकोलासुद्धा त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता.

लेक फोनवर म्हणाली होती, "एवढंच ना? मी येऊन करून देते." आणि आज खरोखरच रजा टाकून हजर झाली. दुपारची वेळ. मीटरचा उजेड नीट कळावा म्हणून तिने शेडचं दार ओढून घेतलं, आणि डॅशबोर्डखाली आडवी होऊन कामाला लागली.

"आप्पा, बॅटरी इकडे धरा. माझ्या कोपराला काय करायचाय उजेड?"

आप्पांनी हात हलवला. "आता?"

"आता गुडघ्यावर." ती हसली. "मी लहानपणी अशी धरली असती तर केवढे ओरडला असता."

आप्पांनी बॅटरी सीटवर ठेवली, ती तिच्याकडे वळवली आणि बाजूला झाले. फडकं घेऊन पुसलेलीच काच पुन्हा पुसली. दारापर्यंत गेले, परत आले. स्क्रू ठेवलेलं झाकण उचलून दुसरीकडे ठेवलं, मग तिने हात लांब केल्यावर धांदलीने पुन्हा जागेवर आणलं.

"एक बल्ब काळा पडलाय," ती आतून म्हणाली. "बाकीचे धडधाकट आहेत. अर्थिंगच्या वायरला गंज चढलाय, म्हणून सगळेच गेले. घासलं की झालं."

"राहू दे गं. चहा घेऊ आधी. अंधारात मी गाडी काढतच नाही आता."

"परवा आईला घेऊन घाटातून मावशीकडे जाणार आहात ना? परतताना अंधार होणारच."

आप्पांनी पुन्हा फडकं उचललं. पॉलिश पेपरचा खरखर आवाज येत राहिला. तो थांबला, की काचेवरचं फडकंही थांबायचं. पुन्हा सुरू झाला, की फिरायचं.

"बसा सीटवर," अखेर ती म्हणाली. "लावा दिवे."

आप्पा स्टिअरिंगमागे बसले. बटण कुठे आहे हे बोटांना पाठ होतं. त्यांनी ते ओढलं आणि डोळ्यांच्या कडेला हिरवा उजेड उमलला. अगदी तोच जुना, मऊ हिरवा. गाडी पहिल्यांदा घरी आणली, त्या संध्याकाळी बायको या उजेडाकडे बघतच राहिली होती.

"लागले," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. हा उजेड तर खरंच दिसत होता! मग उगाचच जीभ सैल सुटली. "नव्यासारखं झालं बघ. सगळं कसं लख्ख दिसतंय. हे काय, पेट्रोल अर्ध्याच्या जरा वर."

कालच त्यांनी अर्धी टाकी होईल एवढं पेट्रोल भरून आणलं होतं. चुकायचा प्रश्नच नव्हता.

डॅशबोर्डखालची हालचाल थांबली. बाहेरून कोणीतरी सायकल हातात धरून गेलं, तिच्या चेनचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला.

"आप्पा," ती म्हणाली, "पेट्रोलच्या काट्याची वायर अजून माझ्या हातात आहे. काटा तळाला पडलाय."

आप्पांनी मीटरकडे सरळ पाहिलं. तिथे डाग होता. 'अंदाजाने म्हणालो गं', हे वाक्य जिभेवर तयार होतं. लेकीने ते मुकाट ऐकून घेतलं असतं, हेही त्यांना माहीत होतं.

"त्या दिवशी फाटकात शेजारची सूनबाई उभी होती," ते म्हणाले. "कडेवर पोर होतं. ती ओरडली तेव्हा मला कळलं. मग मी गाडी खांबावर घेतली."

लेक डॅशबोर्डखालून बाहेर आली. कपाळाला काळं लागलं होतं. पुन्हा आत वाकून तिने वायर जोडली, मीटर जागेवर बसवला, एकेक स्क्रू आवळला. नंतर उठून शेडचं दार सताड उघडलं.

आप्पा खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवत, त्याच आधाराने पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी बसलेच नव्हते. सीटची स्प्रिंग टोचत होती. बायको कधी बोलली नव्हती.

लेक स्टिअरिंगवर बसली. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं का?"

"चल."

किल्ली फिरली, इंजिन थरथरून जागं झालं. गाडी फाटकाबाहेर आली.

"दुसरा गिअर अडतो," आप्पा म्हणाले. "जोर नाही करायचा. जरा थांबलं की आपसूक जातो."