पुढच्या वर्षीचे फिन्स

"एक नंबर मोठेच द्या," दुकानात शिरता शिरताच माझा नवरा म्हणाला. "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही झाले पाहिजेत."

आमची दहा वर्षांची शाल्मली उद्या पहिल्यांदाच मालवणच्या समुद्रात डायव्हिंग करणार होती. तिच्यासाठी पोहताना पायात घालायचे रबरी फिन्स घ्यायचे होते.

"ढिले पाण्यात सुटतले, सायबानू," दुकानदार मोठी जोडी काढत म्हणाला.

"मग पुढे कापसाचा बोळा घालू की!"

मी कपाळाला हात लावला. पण आमच्या घरी हे असंच. फ्रॉक दुमडून शिवलेला, बुटांत बोळे, सायकलची सीट पार खाली. पोरीचं सगळं पुढच्या वर्षीचं.

शाल्मलीने ते मोठे फिन्स चढवले आणि स्टुलावर बसून, पोहताना मारतात तसे जोरात पाय मारले. डावा फिन उडाला तो थेट बाबाच्या पोटावर.

"बाबा, हा पुढच्या वर्षी जाईल," ती म्हणाली. "मी उद्या जाणारेय."

दुकानदाराने हसू दाबत लहान जोडी काढली. ती घालून शाल्मली बदकासारखी दुकानभर फिरली आणि मध्येच थांबली.

"टोचतायत?" बाबाने विचारलं.

"नाही. बाबा, मापाचं घातलं की असं वाटतं होय?"

दाराशी काढलेले तिचे बूट बाबाने उचलले, आतले बोळे काढून खिशात कोंबले आणि दुकानदाराकडे वळला.

"इथे बुटांचं दुकान कुठे आहे हो?"