तांबडी टाकी

दुसऱ्यांदा लावलेलं ठिगळही पापुद्र्यासारखं सुटून आलं, तेव्हा भाईदासनं ब्रश डब्यात टाकला आणि हात जोडले.

"नाना, पेट्रोल मुरेल शे यामा. रेझिन धरस नही. पत्रानी दुसरी टाकी बनाई ल्या."

तोतारामनाना उलट्या बादलीवर बसले होते. गुडघ्यावरच्या टाकीची चीर ते बोटानं चाचपत राहिले, जशी एखाद्याची जखम चाचपावी.

"हाईच पाहिजे," ते म्हणाले. "आखाजीले रुपचंद येई."

भाईदास धुळ्यात कूलरचे फायबरचे टप बनवायचा. नानांचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. धरणाच्या पाहणीला आलेला कुणी गोरा साहेब डोंगरदऱ्यांत पळवायची आपली मोटरसायकल तिकडे टाकून गेला होता. उंच मडगार्ड, दातेरी टायर, आणि फायबरची ही तांबडी टाकी. नानांच्या रुपचंदनं ती भंगारातून उचलली, वर्षभर खपून जिवंत केली. मग दिवाळीनंतर घाटात गाडी खडकावर आदळली, टाकी फुटली. रुपचंदला जीपमध्ये घालून मुंबईला नेलं. नाना एवढंच सांगायचे. पोराला लागलं होतं ते बरं झालं का, असं भाईदासनं विचारलं, तर टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "त्याले आते काही दुखस नही."

भाईदासला वाटलं, पोरगं बापावर रुसून मुंबईलाच राहिलं असावं. गाडीपायी घरात शब्दाला शब्द वाढला असेल. नानांच्या पुढच्या बोलण्यानं त्याची खात्रीच पटली.

"टाकी दिसनी नही, ते दारमाईन मांघे फिरी जाई तो."

नाना टाकी घेऊन गावी गेले. मुरलेलं पेट्रोल निघावं म्हणून रुपचंदच्या आईनं, कलाबाईंनी, ती रिठ्याच्या पाण्यानं धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. नानांनी ती घराच्या मातीच्या धाब्यावर चैताच्या उन्हात ठेवली. दुपारी उन्हं फिरली की ते वर चढायचे आणि तिची कूस बदलायचे. परत येताना एस.टी.त तिला कलाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. याचं हाफ तिकीट काढू का, असं कंडक्टरनं चेष्टेत विचारलं म्हणे. हे सांगताना नाना हसले नाहीत, म्हणून भाईदासही हसला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली होती. उन्हाचा असा ताव, की घट्ट करणारा हार्डनर जरा जास्त पडला तर रेझिन वाटीतच धुमसून दगड व्हायचं. एकदा झालंच तसं. नाना भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांचा तो धीर सुटलेला चेहरा भाईदासला घरी जेवतानाही दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो उन्हं तापायच्या आत आला. रेझिन थोडं थोडं कालवलं. चीर घासून रुंद केली, तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट एकावर एक बसवली, रोलरनं हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढला. टाकीच्या आतूनही रेझिन फिरवलं. या वेळी धरलं. रंगासाठी नानांनी रुमालाच्या गाठीतून जुन्या टाकीचा टवका काढून दिला. तांबडा अगदी हाच हवा होता.

मग नाना खालचं भोक बुजवायला सांगू लागले, जिथे पेट्रोल सोडायची चावी बसते तेच. भाईदास चक्रावला. इंजिनाला पेट्रोल कुठून जाणार, असं त्यानं विचारलं. ते मागाहून बघू, असं नाना म्हणाले. आधी टाकी गळता कामा नये.

"पानी टाकीसन पाय."

"पानी थांबनं म्हणून पेट्रोल थांबस असं नही, नाना."

"तू पानीच टाक."

पाणी टाकलं. एक थेंब पाझरला नाही. नानांनी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटून श्वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता.

बाहेर कुंभाराची गाडी उभी होती. वाडवडिलांच्या नावानं आखाजीला पाणी भरायच्या तांबड्या घागरी, आणि शेजारी डांगरांचा, म्हणजे खरबुजांचा, ढीग. नानांनी घागरी घेतल्या आणि डांगरं घेतली. डांगर एक जास्त झालं. घागरी कमी पडतील, जुनीवर भागवता काय, असं भाईदासनं चिडवलं.

"शे एक," नाना म्हणाले आणि एस.टी.कडे वळले.

भाईदासच्या जिवाला ते बुजवलेलं भोक लागून राहिलं. पोरगं लांबून येईल, गाडीवर बसेल, किक मारेल, आणि गाडी चालूच होणार नाही. त्याच्या घरची घागर थोरला भाऊ भरायचा, त्यामुळे आखाजीच्या सकाळी तो मोकळाच होता. टाकीची पितळी चावी खिशात टाकून, पेट्रोलचा कॅन हातात घेऊन त्यानं शिरपूरची गाडी धरली.

गावात निंबानिंबाला झोके बांधलेले. माहेरी आलेल्या पोरी गात होत्या. नानांच्या अंगणातल्या निंबाला मात्र दोर नव्हता. गोठ्यात मोटरसायकल धुऊन पुसून उभी होती, टाकीविना.

नाना दाराशी पाठमोरे बसले होते. आत गव्हाच्या दोन राशींवर पाण्यानं भरलेल्या दोन घागरी, वर डांगरं, आंबे, सांजोऱ्या. तिसऱ्या राशीवर ती टाकी होती, तोंडापर्यंत पाण्यानं भरलेली, वर डांगर ठेवलेली. कलाबाई तिला हळद लावत होत्या.

गेलेल्यांना घरात बोलवायला नानांनी कुंकवात बोट बुडवलं. उंबरठ्यावर एक बोट ओढून आजाचं नाव घेतलं. दुसरं ओढून बापाचं. मग बोट बराच वेळ अधांतरी थांबलं, आणि तिसरी रेघ ओढत ते म्हणाले, "रुपचंद."