चौकातली चाळीस मिनिटं

भर चौकात हवालदारांचे पाय जमिनीला चिकटले.

बायकोने त्यांचा कोपर घट्ट धरला. समोर ट्रक, डावीकडे बस, उजवीकडे दुचाक्यांचं मोहोळ. त्यात सकाळपासून सिग्नल बंद. जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता.

"अहो, उचला ना पाय!"

"मी उचलतोय. तो ऐकत नाहीये."

हवालदारांना कंपवात जडून पाच वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं ते अशाच चौकांमध्ये उभे राहून वाहतूक सांभाळत. आता मांडीवर ठेवलेला हात स्वस्थ बसत नसे. अंगठा आणि बोट सारखं काहीतरी वळत असायची. आवाज खोल गेला होता. दारात, गर्दीत पाय अचानक थिजायचे. जमिनीवर पट्टे असले, की मात्र एकेक पट्टा ओलांडत ते टपाटप चालत. म्हणून बायको त्यांना न्हाव्याकडे नेताना नेहमी इथूनच रस्ता ओलांडायची. पण मधले पट्टे चाकांखाली पुसून गेले होते, आणि नेमके तिथेच ते अडकले.

तिने डॉक्टरांनी शिकवलेला उपाय केला. आपली चप्पल त्यांच्या बुटापुढे आडवी ठेवली.

"ओलांडा."

काही नाही. "एक-दोन, एक-दोन" म्हणून पाहिलं. तरी काही नाही. तिच्या पाचावर धारण बसली. मागच्या महिन्यात बँकेच्या दारात असंच झालं, तेव्हा लेकीने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर बाबा चाकाच्या खुर्चीशिवाय घराबाहेर पडणार नाहीत." खुर्ची आणूनही ठेवली होती, जिन्याखाली, प्लॅस्टिकसकट. हवालदार तिच्याकडे ढुंकून बघत नसत. "तिच्यात बसलं की जगाची नुसती पोटं दिसणार," म्हणत.

ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. हवालदारांनी मान वर केली. मग उजवा हात वर गेला, तळवा ट्रककडे. हॉर्न मध्येच तुटला. हात जराही थरथरत नव्हता.

"तू फुटपाथवर जा," ते हळूच म्हणाले. "अशी पुढ्यात उभी राहिलीस, तर गाड्यांना मी दिसायचा कसा?"

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय?"

त्यांनी बसलाही थांबवलं आणि बायकोला वाट करून दिली. ती फुटपाथवर पोचली. तिने लेकीला फोन लावला. "बाबा चौकात अडकलेत. लवकर ये गं."

पुढची चाळीस मिनिटं तिचा जीव टांगणीला लागला होता. चौकाचं मात्र बरं चाललं होतं. आधी बस सुटली, मग ट्रक, मग शाळेकडून येणारी रांग. पिवळा मफलर घातलेले हवालदार कधी या रस्त्याला हात दाखवत, कधी वळून त्या रस्त्याला. एका मोटारवाल्याने मध्येच घुसायचं धाडस केलं. त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मोटार आल्या वाटेने मागे गेली. न्हावी वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला, आणि त्याच्यामागून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही.

"काकू, साहेब परत नोकरीवर लागले की काय?" न्हाव्याने विचारलं.

"कसली नोकरी! पाय चिकटलेत त्यांचे."

तेवढ्यात लेकीची स्कूटर आली. ती रांग मोडून थेट बापाच्या अंगावरच निघाली होती. हवालदारांचा तळवा तिच्यापुढे उभा राहिला.

"बाबा, मी आहे!"

"ताई, गाडी रेषेच्या मागे घ्या."

मागून चार जण हसले. तिने निमूटपणे स्कूटर मागे घेतली आणि आपली पाळी येईपर्यंत उभी राहिली.

शेवटी सिग्नलचे दिवे लागले. ड्यूटीवरचा तरुण शिपाई धावतपळत आला आणि आधी त्याने एक कडक सलाम ठोकला. बायको लगबगीने मध्ये गेली. पुन्हा चप्पल आडवी ठेवली. हवालदारांनी पाय उचलून झोकात ती ओलांडली आणि फुटपाथवर येऊन उभे राहिले.

लेक तिथे वाटच बघत होती.

"चाळीस मिनिटं, आई! एखादी गाडी येऊन धडकली असती म्हणजे? आता एक शब्द ऐकायची नाही मी. उद्यापासून खुर्ची!"

"चालेल," हवालदार म्हणाले.

बायकोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. खुर्चीचं नाव काढलं की हा माणूस जेवण टाकायचा. लेक फणकाऱ्याने स्कूटर कडेला लावायला गेली.

बायकोचे डोळे भरून आले. आजारपणाने आज यांना खरंच हरवलं, असं तिच्या मनात आलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला सोडून जायलाच नको होतं. थोडा वेळ धरून राहिले असते, तर सुटले असते पाय."

हवालदारांनी लेक किती लांब आहे ते बघितलं. मग बायकोच्या कानाशी वाकले.

"अगं, पाय तर तू फुटपाथवर पोचायच्या आधीच सुटले होते."