बशीतलं काळीज

"ही धडधड मी माझ्याच रक्तापासून घडवलीय!" दाभाडेसरांनी भर परिषदेत, बशीत मूलपेशींपासून वाढवलेलं इवलंसं काळीज पडद्यावर दाखवलं. टाळ्या अशा पडल्या, की छताचे पंखे उलटे फिरले.

खरं तर ते काळीज त्यांच्या लॅबमध्ये आमच्या शाल्मलीनं स्वतःच्या रक्तापासून वाढवलेलं. सरांनी तिचं नाव पुसून सगळं संशोधन ढापलं होतं.

दबा धरून बसलेली शाल्मली उठली. "सर, रक्त नक्की तुमचंच?"

"शंभर टक्के!"

"मग पडद्यावर तुम्हीच लावलेली त्याची गुणसूत्रं बघा. दोन्ही एक्स. पुरुषाचा वाय कुठाय? एक तर पेशी माझ्या, नाहीतर तुम्ही बाई. काय ते सांगून टाका."

सरांचा घाम पहिल्या रांगेपर्यंत वाहत गेला. "पेशी तुझ्याच," ते पुटपुटले.

"माईकवर, सर," शाल्मली म्हणाली.